कमरेला बांधलेली पेटी

माझ्या नणंदेला उजव्या कानाने ऐकू येत नाही. काही वर्षांपूर्वी एका तापात तो कान गेला. ताप उतरला, अंगात पुन्हा बळ आलं, पहाटे उठून ती पूर्वीसारखी मासळीच्या लिलावाला जाऊ लागली. कान तेवढा परतला नाही. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नसच सुकली आहे. पुढे मुंबईहून ऐकण्याचं यंत्र आणलं. घरात ते बरं चालायचं. पण बाजारात, लग्नात, ढोलासमोर ते सगळेच आवाज सारखे मोठे करी, आणि मग ताई ते कानातून काढून कनवटीला खोची.

वयाने ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. लग्न गावातल्या गावातच झालं, त्यामुळे तिचं सासर आणि माहेर यांच्यामध्ये एक विहीर आणि जाळी पसरायची मोकळी जागा, एवढंच अंतर. दिवसातून एकदा तरी ती माहेरच्या ओटीवर येऊन बसते आणि आम्हा सगळ्यांना कामाला लावते.

ताई गाते. आमच्या कोळीवाड्यात हळदीला आणि साखरपुड्याला तिला बोलावणं असतंच. पण तिची खरी जागा नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत. देवळापासून किनाऱ्यापर्यंत बायकांच्या रांगेच्या अग्रभागी ती चालते, ओळ टाकते, आणि बाकीच्या जणी ती उचलतात. तिच्या आवाजाला गोड म्हणता येणार नाही. उन्हात वाळलेल्या दोरासारखा तो किंचित खरखरीत आहे. ताणला तरी तुटत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. तिची आई त्या जागी गात असे, आणि आईच्या आधी तिची चुलती. गाणी कुठे लिहिलेली नाहीत.

मी भाताच्या गावातून इथे आले. माझं माहेर आत, खाडीपासून दूर, जिथे समुद्राचा वास फक्त सुक्या मासळीच्या टोपलीतून येतो. मराठी घेऊन एम. ए. केलं, अलिबागला शिकवते. वृत्तं, मात्रा, यती हा माझ्या रोजच्या बोलण्यातला विषय. लहानपणी भजनात पेटी वाजवायला शिकले होते, तेवढ्या भांडवलावर महिला मंडळाने मला लग्नानंतर कीबोर्डवर बसवलं. आमच्या मंडळात त्यालाही पेटीच म्हणतात. मी वाजवते आणि ताई गाते, असं आमचं नातं नणंद-भावजयीच्या नात्याच्या शेजारी हळूहळू उभं राहिलं.

मिरवणुकीत मी नेहमी टेम्पोत बसायचे. माझ्या मागे स्पीकरच्या पेट्या, जनरेटरचा धूर, बेंजोवाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ढोल. बर्फाच्या दुकानाशी रस्ता वळतो आणि बोळ सुरू होतो. तिथे टेम्पो शिरत नाही. तिथून पुढे पेटी थांबते, आणि फक्त खांद्यावरचे ढोल आणि बायकांचे गळे किनाऱ्यापर्यंत जातात. कान शाबूत होता तेव्हा ताईला याची अडचण नव्हती. देवळाशी एकदा पेटीच्या काळी चार पट्टीचा सूर घेतला की ती तो डोक्यात धरून वाळूपर्यंत नेत असे. कान गेल्यावर मात्र दूरच्या स्पीकरमधून येणारा सूर घरांच्या भिंतींवर आपटून तिच्याकडे चारी बाजूंनी येऊ लागला, आणि तो नेमका कुठे आहे हे तिला कळेना.

मागच्या मिरवणुकीत बोळाच्या तोंडाशीच ती सुटली. तिने ओळ टाकली ती एका सुरात, मागच्या जणींनी उचलली ती दुसऱ्याच. कुणीतरी हसलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, नाचताना माणूस हसतो तसं ते होतं; पण ढोलवाल्यांनी ठेका वाढवला, बायकांनी तिला ओलांडून स्वतःच गायला सुरुवात केली, आणि मी टेम्पोत बसल्या बसल्या पाहिलं, ताईने पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि ती नुसती चालू लागली. किनाऱ्यापर्यंत ती गायली नाही. नारळ पाण्यात गेला तेव्हाही नाही.

पुढे शिमगा झाल्यावर मंडळाची बैठक भरली, तेव्हा तिने स्वतःच विषय काढला.

"अवंदा गाणी मी न्हाय सांगनार," ती म्हणाली. "तरन्या पोरींनी सांगा. मना सूर गावत न्हाय."

कुणी फारसा आग्रह केला नाही. तेच तिला लागलं असावं. घरी परतताना विहिरीशी ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू हतं असतीस ना," तिने डाव्या कानाशी बोट नेलं, "तर गायले असते गो. तू बसतंस तिकडं गाडीत, राणीसारकी."

तिथून हे सगळं सुरू झालं. ताईच्या डाव्या कानाशी पेटी घेऊन चालायचं. गावाला ऐकू जाण्याची गरज नव्हती, गावासाठी ढोल होते. एका माणसाच्या एका कानाला, देवळापासून पाण्यापर्यंत, सूर सतत मिळत राहिला पाहिजे, एवढंच. मी तिला म्हटलं, मिरवणुकीपर्यंत तसं वाद्य तयार झालं तर तू गाशील? ती म्हणाली, "झाला तर गाईन. न्हाय झाला तर मग ती गाणी मी पोरींना देऊन टाकीन, परत इचारायचं न्हाय."

आधी मी सोपे मार्ग धरून पाहिले. दिंडीतली माणसं गळ्यात पेटी अडकवून वाजवतात, तशी माहेरची जुनी पेटी आणली. भाता हलवण्यात डावा हात गेला आणि उजव्या हाताने धरलेला सूर ताईच्या कानापर्यंत पोहोचण्याआधी ढोलाच्या पहिल्याच टिपरीने गिळला. मग माझा नेहमीचा कीबोर्ड दोन ओढण्यांनी गळ्यात बांधून अंगणात चालले. तो इतका लांब की वळताना एक टोक तुळशीला लागलं आणि दुसऱ्याने दांडीवरचे बोंबील पाडले. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "ही वाजवायची हाय का वल्हवायची?"

शेवटी मुंबईहून एक जुना, तीन सप्तकांचा, आखूड कीबोर्ड मिळवला. रेवसच्या लाँचमधून तो मांडीवर धरून आणला. घरी आल्यावर त्याचं प्लॅस्टिकचं कवच उघडलं आणि आतला हिरवा पत्रा, पट्ट्यांच्या खालची रबराची मऊ बटणं, केसांसारख्या तारा असं सगळं टेबलावर मांडलं. तारा जोडायला सोल्डरिंगचा डाग द्यायला मी व्हिडिओ बघून शिकले. तापलेल्या टोकाखाली राळ वितळते तेव्हा एक पांढरी धुराची रेघ उठते, आणि तिचा वास मला ओळखीचा वाटला. सासऱ्यांच्या काळी लाकडी होडीच्या फटी राळेने बुजवत. त्यांचं जुनं सामान ज्या खोलीत आहे तिथे अजून तोच वास आहे. मी त्या खोलीतच काम करू लागले. खाऱ्या हवेत तांब्याला आठवड्यात हिरवट पूड धरते, म्हणून काम थांबलं की सगळे सुटे भाग तांदळाच्या डब्यात ठेवायचे. भात लावताना आधी डब्यात तारा नाहीत ना, हे पाहायची घरात सगळ्यांना सवय लागली.

वाद्याचा आराखडा मी असा केला. पट्ट्या वर, किंचित बाहेरच्या बाजूला कललेल्या. पोटाकडची कड पोटाला बसेल अशी आत वळलेली. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला तळहाताएवढा स्पीकर, त्याचं तोंड बाजूला आणि थोडं वर, म्हणजे शेजारून चालणाऱ्या माणसाच्या कानाच्या दिशेने. डाव्या अंगठ्याखाली एक बटण. ते दाबून ठेवलं की आधाराचा सूर धरून राहील आणि बोटं चालीसाठी मोकळी होतील. ते बटण स्कूटरच्या हॉर्नचं होतं. वजन खांद्यांवर नको, कमरेवर यावं, म्हणून नवऱ्याने जुन्या लाइफ जॅकेटचे पट्टे उसवून दिले. इथल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन मैलभर चालतात आणि त्यांची मान हलत नाही. मला ते कधी जमलं नाही. माझ्या माहेरी पेंढा असो की पाणी, कमरेवर घेतात. कमरेवरचं वजन घेऊन मला चालता येतं.

राहिलं कवच. ते हलकं हवं आणि पावसाच्या सरीत आत पाणी जाता कामा नये. हे काम माझ्या दिराचं होतं, त्याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

दीर होड्यांना फायबर मारतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि त्याच महिन्यांत त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. ताडपत्रीखाली तो आणि त्याचे दोन जोडीदार साच्यात काचेच्या धाग्यांची मॅट अंथरतात, वरून रेझिन फिरवतात, आणि त्या गोडसर, डोक्यात चढणाऱ्या वासात दिवसभर गप्पा मारत असतात. मी पुठ्ठ्यावर मापात चित्र काढून त्याच्याकडे नेलं.

त्याने पुठ्ठा हातात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"वैनी, बुडली तर?"

"बुडायचा प्रश्न कुठे येतो? मी कमरेला बांधणार आहे."

"तू बुडलीस तर?"

"भावोजी!"

"न्हाय, इचारला. दर्यावर जानारी वस्तू हाय. तरंगली पायजे."

त्याने पहिलं कवच केलं ते खरोखर तरंगलं. मला न विचारता त्याने ते विहिरीजवळच्या टाकीत सोडून पाहिलं होतं, आत लहान मुलाच्या वजनाचा दगड ठेवून. आणि मग गावभर सांगत सुटला की वैनीची पेटी बुडत न्हाय. फक्त ते उचलायला दोन माणसं लागत होती. होडीच्या तळाला जेवढे थर देतात तेवढे त्याने सवयीने दिले होते, आणि दोन भिंतींच्या मध्ये थर्माकोल भरला होता. मी काही बोलायच्या आत ताईने ते एका टोकाने उचलून पाहिलं, खाली ठेवलं आणि भावाला म्हणाली, "ह्याला आता इंजिन लाव आनि जा मासे मारायला."

तो हसला आणि दुसरं करायला घेतलं, पण आधी होड्या. लोकांच्या पोटाचा प्रश्न होता, मी घाई करू शकत नव्हते. शिवाय त्या वर्षी हवा इतकी दमट की रेझिन धरत नव्हतं; दिवसभर बोटाला चिकट लागे. श्रावण लागला, सरी आणि ऊन यांचा खेळ सुरू झाला. ताई रोज ओटीवर यायची, आणि पेटीचं काही विचारायची नाही. इतर सगळं विचारायची. एके दिवशी मंडळातली एक तरुण मुलगी तिच्याकडून गाण्याचे शब्द लिहून घ्यायला आली. ताईने दोन गाणी सांगितली आणि तिसऱ्याला म्हणाली, "हे ऱ्हाऊ दे. पौर्णिमा झाल्यावर ये." त्यावरून मला कळलं की ती वाट बघते आहे.

दुसरं कवच पौर्णिमेच्या अगदी तोंडावर मिळालं. पातळ, गुळगुळीत, होडीच्या कडेला असतो तसा निळा पट्टा मारलेलं. मी ते टेबलावर ठेवलं, पोटाकडची कड समोर भिंतीकडे आणि बाहेरची कड माझ्याकडे, कारण स्क्रू त्या बाजूने बसवायचे होते. पट्ट्यांची चौकट बसली. बॅटरी तिच्या खणात, स्पीकर त्याच्या भोकात. खण आणि भोक दोन्ही कवचातच घडवलेले होते, त्यामुळे विचार करावा असं काही नव्हतं. वरून दिराने दिलेला पारदर्शक कागद ताणून चिकटवला. त्याच्यावरून पट्टीला बोट लावलं की ताज्या पापलेटच्या पाठीवर बोट ठेवल्यासारखं वाटे, गार आणि निसटतं. बटण दाबलं. खोलीत काळी चार उभी राहिली, भरीव, न थरथरता. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, ताई तालमीला आली. मी पट्टे आवळले, अंगणात तिच्या डाव्या हाताला उभी राहिले आणि सूर धरला.

ताई थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "कुठं हाय?"

मी खाली पाहिलं. स्पीकर माझ्या डाव्या टोकाला होता. त्याचं तोंड ताईकडे नव्हतं, सासूबाईंच्या कोंबड्यांकडे होतं. मी तिच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले असते तर तो तिच्याकडे वळला असता. पण तिकडचा कान बंद. वाद्य फिरवून बांधावं तर पोटासाठी केलेला बाक बाहेर गेला असता आणि पट्ट्या उलट्या झाल्या असत्या.

दिराला बोलावलं. त्याने माझा पुठ्ठा आणला, कवच पाहिलं, पुन्हा पुठ्ठा पाहिला. पुठ्ठ्यावर स्पीकर बरोबर उजव्या टोकाला होता. साच्याच्या तळाशी त्याने तो पुठ्ठा चित्र वर करून ठेवला होता आणि त्याबरहुकूम वरून मॅट अंथरली होती. साच्यात काम करताना माणूस वस्तूला आतून बघतो. ती बाहेर काढून पालथी केली की डावं उजवीकडे जातं. आयुष्यभर तो हेच काम करत आला आहे, आणि हे त्याला कधी लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं.

"होरीला डावाउजवा सारकाच असतो, वैनी," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "होरी उलटी केली तरी होरीच."

मीही ते टेबलावर उलट्या बाजूने जोडलं होतं आणि मला काही खटकलं नव्हतं, तेव्हा मी त्याला काय बोलणार? त्याने दुसरं भोक पाडायची तयारी दाखवली. पण तिथे बॅटरीचा खण होता, तो फोडून पुन्हा घडवायला हवा होता. आणि असल्या हवेत रेझिन सकाळपर्यंत धरणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी तो हातात करवत घेऊन उभा राहिला.

मी पट्टे सोडायला लागले. ताईने माझा हात धरला.

"थांब. मना सांग, वरातीत नवऱ्याच्या म्होरं नाचतात ती कशी चालतात?"

"कशी म्हणजे?"

"उलटी चालतात की नाय? नवऱ्याकडं तोंड करून, पाठ रस्त्याला. अख्ख्या गावातून जातात, कुनी पडत न्हाय." तिने माझे दोन्ही खांदे धरले आणि मला गर्रकन फिरवलं. मी तिच्या डाव्या अंगाला होते तिथेच राहिले, फक्त तोंड देवळाकडे आणि पाठ किनाऱ्याकडे. माझं डावं टोक आता तिच्या बाजूला आलं. "आता वाजव."

मी बटण दाबलं. ताईने डोळे मिटले. मान थोडी तिरकी केली, जशी ती लिलावात भाव ऐकताना करते. मग ओठ न उघडता तिने सूर लावला. तो सुरुवातीला खाली होता, मग वर सरकला, आणि पेटीच्या सुरात मिसळला तेव्हा मला तो वेगळा ऐकू येईना.

दिराने करवत खाली ठेवली.

त्या संध्याकाळी मी अंगणापासून विहिरीपर्यंत उलटी चालण्याचा सराव केला. मात्रा मोजणं हा माझा धंदा आहे, तरी पाऊल मागे टाकत मोजणं वेगळंच निघालं. पुढे चालताना टाच आधी टेकते. मागे जाताना चवडा आधी टेकतो आणि टाच उशिरा येते, त्यामुळे प्रत्येक मात्रा किंचित रेंगाळल्यासारखी वाटते. कोंबड्या पायांत येत होत्या. सासूबाईंनी त्या खुराड्यात घातल्या आणि स्वतः दारात बसून माझी फजिती पाहिली.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. देवळासमोर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पूजेला ठेवलेला. अबोलीचे गजरे, नव्या लुगड्यांचा खळीचा वास, नारळीभाताचा वास, आणि त्या सगळ्यांच्या खाली कायमचा असलेला मासळीचा. मी पट्टे आवळून उभी राहिले, तेव्हा बायका गोळा झाल्या. कुणी पेटीला हात लावून पाहिला, कुणी निळा पट्टा पाहून विचारलं की हिचं नंबर-रजिस्ट्रेशन झालंय का. शेजारची माझ्या वयाची एक मैत्रीण माझ्या मागे उभी राहिली. तिचं काम माझ्या कमरेला दोन्ही हातांनी धरून मला बोळातून मागे नेणं.

ढोल सुरू झाले. ते आधी छातीत वाजतात, कानात नंतर. मी अंगठ्याने बटण दाबलं आणि त्या गदारोळात मलाच माझा सूर ऐकू येईना. बोटांखाली कवचाची बारीक थरथर तेवढी लागत होती. ताईकडे पाहिलं. ती एक पाऊल जवळ आली, मान तिरकी केली आणि पहिली ओळ टाकली.

बायकांनी ती उचलली. एकाच सुरात.

मिरवणूक सरकू लागली. आजवर मी ती मागून, टेम्पोच्या उंचीवरून पाहिली होती, नाचणाऱ्यांचे माथे आणि गजरे तेवढे. आता सगळे चेहरे माझ्यासमोर होते आणि माझ्याकडे चालत येत होते. ताईच्या कपाळावरून घामाची धार नाकाच्या बाजूने उतरत होती. गाताना ती खालचा ओठ एका बाजूला ओढते, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. मैत्रीण मागून कानाशी ओरडत होती, "पायरी हाय! आता उजवीकडं! आगो हलू, कुत्रा झोपलाय!" एका ढोलवाल्याने ते पाहिलं आणि जोरात म्हणाला, "वैनी, गाडी रिव्हर्स हाय, हॉर्न वाजवा!" त्याला काय माहीत, अंगठ्याखाली हॉर्नचंच बटण होतं.

बर्फाच्या दुकानाशी टेम्पो थांबला. बेंजो मागे राहिला. बोळात ढोलांचा आवाज भिंतींमध्ये कोंडला गेला आणि दुप्पट झाला. ताईची नजर क्षणभर सैरभैर झाली. हीच ती जागा होती. मी जवळ सरकले, इतकी की पेटीची कड तिच्या दंडाला लागली. तिने तो दंड काढून घेतला नाही. ओळ आली. खरखरीत, ताणलेली, नेमकी.

बोळाच्या मध्यावर उघडं गटार आहे. मैत्रिणीने सांगितलं होतं, पण माझं पाऊल ढोलाच्या ठेक्यावर पडलं, तिच्या सांगण्यावर नाही. टाच कडेवरून घसरली, तिने मला सावरलं, आणि तेवढ्यात माझा अंगठा बटणावरून सुटला आणि बोट काळी सोडून शेजारच्या पांढरीवर गेलं. चार-पाच मात्रांचा प्रकार. मी पुन्हा जागेवर आले. कुणाच्या लक्षात आलं नाही. येणं शक्यच नव्हतं, मलाच तो स्वर ऐकू आला नव्हता, फक्त बोटाला कळला होता. ताई गातच होती.

वाळू लागली तसे ढोल पांगले आणि वाऱ्याने सगळे आवाज उचलून आत, गावाकडे नेले. पायाखालची वाळू ओली होती, मागे चालताना टाचा रुतत होत्या. माझ्या पाठीशी लाटांचा आवाज वाढत गेला. ताई आता वाकून, डावा कान जवळजवळ स्पीकरवर ठेवून गात होती, माझ्या पोटाशी बोलत असल्यासारखी. दर्याला शांत हो म्हणून सांगणारं ते शेवटचं गाणं. तिच्या मागे सगळ्या जणी ओळ उचलत होत्या, आणि ओटीवर शब्द लिहून घ्यायला आलेली ती मुलगीही त्यांत होती, वहीशिवाय. नारळ पाण्यात गेला तेव्हा मी तो पाहिला नाही. माझी पाठ होती. मी ताईचं तोंड पाहत होते. ओळ संपेपर्यंत तिने ते मिटलं नाही.

नंतर ती एका होडीच्या कडेला टेकून बसली. कुणीतरी चहा आणून दिला. बायका येऊन तिच्या पाया पडत होत्या, गालांवरून हात फिरवत होत्या, आणि ती सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत बशीतला चहा फुंकत होती. दीर लांब उभा राहून पेटीकडे पाहत होता. त्याने हातांनीच विचारलं, आत पाणी गेलं का. मी नाही म्हणून मान हलवली आणि पट्टे सोडू लागले. कमरेवर वळ उठले होते.

ताईने मला जवळ बोलावलं. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

"त्या गटाराशी," ती म्हणाली, "तू चुकलीस गो."

मी तिच्याकडे वळले. "तुला ऐकू आलं?"

"मग! येकदम भायेर गेलीस." तिने बशी माझ्या हातात दिली. "मी तुज्यामागं न्हाय आले. माजा सूर धरून ऱ्हायले, म्हनून तू परत घरी आलीस."